लेथचा चुरा भंगारात द्यावा की दळून पावडर करावी?

गिरणाकाठ
नमस्कार मंडळी. जळगावच्या एमआयडीसीत माझे छोटे मशीन शॉप आहे. चार लेथ, दोन सीएनसी आणि एक रेडियल ड्रिल एवढाच पसारा. डाळमिलच्या पुल्या, शाफ्ट, बेअरिंगची हाउसिंग आणि पंपांचे किरकोळ भाग ही आमची नेहमीची कामे. महिन्याकाठी साधारण 900 किलो चुरा निघतो. त्यात निम्म्याहून अधिक बिडाचा असतो, उरलेला एमएस (मऊ पोलाद) आणि ईएन-8 (त्याहून कडक पोलाद) चा. वर्षातून काही वेळा पितळ किंवा गनमेटलचे काम आले तर त्याचा थोडा कीस. हे सगळे मागच्या भिंतीलगत एकाच ढिगात साठते. दर पंधरवड्याला भंगारवाला टेम्पो घेऊन येतो, बुटाच्या टोकाने ढीग उकरतो, 'तेल आहे, माती आहे, मिक्स माल आहे' असे म्हणत वजनात काट धरतो आणि माल जालन्याच्या भट्ट्यांकडे रवाना होतो.

माझा भाचा यांत्रिकी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याचे म्हणणे असे की, हाच चुरा बॉल मिलमध्ये (आत जड गोळे असलेल्या फिरत्या पिंपात) दळून त्याची पावडर केली, तर थ्रीडी प्रिंटिंगवाले आणि सिंटर केलेले, म्हणजे पावडर दाबून भट्टीत तापवलेले, सुटे भाग बनवणारे ती कितीतरी पट भावाने घेतात, आणि मामा मात्र वर्षानुवर्षे चिंचोक्याच्या मोलाने माल देत आला आहे. त्याने एक वापरलेली बॉल मिलही शोधून ठेवली आहे.

ती घ्यावी का, एवढाच प्रश्न आहे. ज्यांनी प्रत्यक्ष काही केले असेल त्यांनी जरूर लिहावे. व्हिडिओ मी भरपूर पाहिले आहेत.

अवधानकर
जळगावात डाळ दळून झाली, आता लोखंड दळणार. एवढेच राहिले होते.

कळण्याची_भाकरी
अवधानकर, डाळमिलमध्ये डाळ दळत नाहीत; तिचे साल काढतात आणि दाणा दुभंगतात. धुळ्याच्या माणसाने जळगावच्या धंद्यावर बोलताना एवढे तरी पाहावे. बाकी धाग्याचा विषय चांगला आहे, वाचत आहे.

धातुमित्र
गिरणाकाठ, तुमच्या भाच्याचे अर्धे म्हणणे बरोबर आहे आणि उरलेल्या अर्ध्यातच पैसे बुडतात. मी मूळचा भुसावळचा, धातुशास्त्र शिकलो आणि आता पुण्याकडे याच क्षेत्रात नोकरी करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पावडर हा एक पदार्थ नाही. पातळ थर पसरून तो लेझरने वितळवणाऱ्या थ्रीडी प्रिंटिंगच्या यंत्राला साधारण 15 ते 45 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण लागतात आणि ते मोहरीसारखे गोल असावे लागतात, कारण पात्याने थर ओढताना पावडर पाण्यासारखी पसरली पाहिजे. असे गोल कण दळून मिळत नाहीत. त्यासाठी धातू वितळवून त्याची बारीक धार सोडतात आणि त्या धारेवर आर्गॉन किंवा नायट्रोजनचा जोरदार झोत मारतात. धार फुटते, थेंब उंच टाकीतून खाली पडता पडता पृष्ठताणामुळे गोल होतात आणि तसेच गोठतात. वायूऐवजी उच्च दाबाचे पाणी मारले तर थेंब एकदम थिजतात आणि कण वेडेवाकडे होतात, वर थोडे ऑक्सिडीकरणही होते. पण प्रक्रिया बरीच स्वस्त पडते.

हे वेडेवाकडे कण टाकाऊ नसतात. स्कूटरच्या शॉक अॅब्सॉर्बरमधले आणि पंख्यामधले जे सिंटर केलेले भाग असतात, त्यांना असेच कण हवे असतात, कारण साच्यात दर चौरस सेंटिमीटरला सहा टनांच्या आसपास दाब दिला की ते एकमेकांत अडकतात आणि कच्चा तुकडा हातात न मोडता भट्टीपर्यंत जातो. भट्टी साधारण 1120 अंशांची असते. लोखंड 1538 अंशांना वितळते, म्हणजे इथे काहीच वितळत नाही, कण फक्त एकमेकांना घट्ट चिकटतात.

आता बॉल मिल. बीड तिच्यात चांगले दळले जाईल, कारण त्यात कार्बन तीन ते साडेतीन टक्के असतो, ग्राफाइटच्या पापुद्र्यांमुळे ते ठिसूळ असते आणि गोळ्यांच्या माराने तुटत जाते. ईएन-8 किंवा एमएसचे तसे नाही. आपल्याकडे खलबत्त्यात शेंगदाणे कुटतात ते आठवा. थोडे कुटले तर कूट होते. हात थांबवला नाही तर तेल सुटून गोळा होतो. मऊ धातूचे कण असेच आधी चपटे होतात आणि मग एकमेकांना थंडच जोडले जाऊन मोठे होतात. ते टाळायला स्टिअरिक अॅसिडसारखे काही थोडेसे घालतात, पण नंतर तेही काढून टाकावे लागते.

आणि शेवटचा खिळा असा की, दळलेले बीड कडक असते. कडक कण दाबाखाली दबत नाहीत, साचाच झिजवतात. सिंटरचे भाग दाबायला मऊ, जवळजवळ शुद्ध लोखंडाची पावडर लागते.

गिरणाकाठ
धातुमित्र, मनापासून आभार. शेंगदाण्याचे उदाहरण भाच्याला वाचून दाखवले. तो गप्प झाला नाही, पण पाणी प्यायला उठला.

चोपड्याची_सून
दादा, मी रसायनशास्त्र शिकले आणि लग्नापूर्वी सिंटर केलेले भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत चार वर्षे होते. तुमच्यासारखाच प्रस्ताव घेऊन एक पुरवठादार आमच्याकडे आला होता, म्हणून जे पाहिले ते सांगते.

आलेल्या प्रत्येक पावडरची पहिली परीक्षा एका छोट्या धातूच्या नरसाळ्यात व्हायची. त्याच्या बुडाला 2.54 मिलिमीटरचे छिद्र असते. छिद्रावर बोट ठेवायचे, 50 ग्रॅम पावडर मोजून ओतायची, बोट काढताना घड्याळ चालू करायचे. चांगली लोखंडी पावडर पंचवीस-तीस सेकंदांत, वाळूच्या घड्याळासारखी एकसंध धारेने खाली येते. त्या पुरवठादाराने दळलेल्या चुऱ्याची पावडर आणली होती; दिसायला करडी, बारीक, कोणालाही आवडावी अशी. बोट काढले आणि काहीच झाले नाही. नरसाळ्याला टिचकी मारली तेव्हा चमचाभर पडली आणि पुन्हा तुंबली. तो म्हणाला, मॅडम, हवा दमट आहे. मी ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा घेतली, तरी तेच. भरणीच्या वेळी साच्यात पावडर अशी अडली तर एक तुकडा जड आणि दुसरा हलका निघतो, आणि मिनिटाला दहा-पंधरा तुकडे काढणाऱ्या प्रेसपुढे बसून प्रत्येक वेळी टिचक्या मारणार कोण?

दुसरी गोष्ट कूलंटची, म्हणजे धातू कापताना सोडतात त्या तेलपाण्याची. चुरा वरवर कोरडा दिसला तरी तेल खाचांत बसलेले असते. आमच्या शिफ्टमध्ये एकदा तसा माल चुकून भट्टीत गेला, तोंडाशी काळा धूर आला आणि अख्ख्या ट्रेवर काजळीचे डाग पडले. चुरा गरम सोड्याच्या पाण्यात धुऊन, फिरवून, सुकवल्याशिवाय त्याचे पुढे काहीही करू नये.

सातपुडा_पायथा
धागा वाचून जुनी जखम उघडी पडली. मी यावल तालुक्यात हा उद्योग करून बसलो आहे, फरक एवढाच की माझा चुरा अॅल्युमिनियमचा होता. त्याची पावडर रंगवाले आणि फटाकेवाले घेतात असे कोणीतरी सांगितले आणि मी वापरलेली मिल आणली. विकणाऱ्याने सांगितले, 'काही होत नाही, फक्त झाकण घट्ट लावा.' झाकण आम्ही घट्टच लावले होते.

मिल रात्रभर कोरडी चालली. सकाळी झाकण उघडले आणि दोन-तीन सेकंदांनी आतून पांढरा भपका आला. आत जे नवे नवे पृष्ठभाग तयार झाले होते, त्यांना रात्रभर पुरेशी हवा मिळाली नव्हती. झाकण निघताच ती एकदम मिळाली. माझ्या कामगाराच्या भुवया आणि पुढचे केस गेले, डोळे वाचले ते गॉगलमुळे. दुसरा मुलगा बादली घेऊन धावला, तेव्हा मी त्याला अक्षरशः आडवा झालो, कारण तापलेल्या अॅल्युमिनियमवर पाणी पडले की हायड्रोजन सुटतो आणि मग शेडही राहत नाही. बांधकामासाठी आणलेली कोरडी वाळू टाकून ते विझवले. पुढच्या महिन्यात मिल विकली, आणि विकताना 'काही होत नाही' असे मात्र मी म्हणालो नाही.

बिडाचा चुरा इतका तापट नसतो, पण तोही साधा नाही. ओला, तेलकट लोखंडी चुरा ढिगात गंजताना आपोआप तापतो. जहाजाच्या मालवाहतुकीत लोखंडी टर्निंगला, म्हणजे लेथच्या चुऱ्याला, संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या यादीत यूएन 2793 हा स्वतंत्र क्रमांक आहे आणि त्याचे वर्गीकरण स्वतःहून तापणारा माल असे आहे. गिरणाकाठ भाऊ, पावसाळ्यात तुमच्या भिंतीजवळच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून पाहा.

गिरणाकाठ
हात घालून पाहिला. वरून थंड होता, आत कोमट लागला. 22 वर्षांत हे मी कधी तपासले नव्हते.

अवधानकर
आपल्याकडे मे महिन्यात 45 अंशांत सगळेच कोमट लागते. जूनमध्ये पुन्हा पाहा.

कबाडीलाल
धाग्यावर भंगारवाल्याला शिव्या पडण्याआधी त्याची बाजू मांडतो. मी धुळ्यात हाच व्यवसाय करतो, तिसरी पिढी.

बुटाने ढीग उकरतो, कारण वरच्या थरावर विश्वास ठेवून माझ्या वडिलांनी आयुष्यात बरेच काही शिकून घेतले. मिक्स माल आला की मला तो सर्वांत स्वस्त वर्गात टाकावा लागतो. निव्वळ बिडाचे बोरिंग, म्हणजे बिडाचा चुरा, असेल तर फाउंड्री ते थेट घेते, कारण तिला बीडच ओतायचे असते. निव्वळ एमएस टर्निंग जालन्याला जाते. दोन्ही एकत्र असतील तर फाउंड्री घेत नाही, आणि पोलादाच्या भट्टीला तुमचे बीड म्हणजे जास्तीचा कार्बन आणि फॉस्फरस. चुंबकाने हे वेगळे होत नाही, कारण दोन्ही चिकटतात. पितळ आणि गनमेटल तर चुंबकाला दोन्ही चिकटत नाहीत, पण पितळात जस्त असते, गनमेटलमध्ये कथील, आणि भावात फरक मोठा. एकदा ते मिसळले की मी पितळाचाच भाव देणार. त्यात लबाडी नाही.

लोखंडी चुरा हलका आणि मोकळा असतो, त्यामुळे भट्टीत टाकला की त्याचा काही भाग वितळण्याआधीच जळून मळी होतो. माझ्याकडून घेणारा तो तोटा माझ्या भावातून कापतो आणि मी तुमच्या. वर 10 ऑक्टोबर 2024 पासून नोंदणी नसलेल्याकडून घेतलेल्या धातूच्या भंगारावर जीएसटी खरेदीदारानेच भरायचा आहे, तेही हिशेबात धरा.

आता फुकटचा सल्ला. सीएनसीच्या झिजलेल्या कार्बाइड टिपा, म्हणजे हत्याराच्या टोकाला बसवायचे कापणारे तुकडे, कुठे जातात?

गिरणाकाठ
कबाडीलाल शेठ, प्रामाणिकपणे सांगतो, त्या झाडून त्याच ढिगात जातात.

कबाडीलाल
मग तुमच्या भंगारवाल्याची मुले चांगल्या शाळेत शिकत असणार.

धातुमित्र
कबाडीलाल यांनी नेमकी नस पकडली. धाग्याच्या शीर्षकात जे विचारले आहे, म्हणजे धातूच्या कचऱ्यातून थेट पावडर आणि त्या पावडरमधून पुन्हा तीच वस्तू, ते सर्वांत नीट चालते ते या टिपांच्या बाबतीत.

टिप म्हणजे टंगस्टन कार्बाइडचे कण कोबाल्टने बांधलेले. टंगस्टन 3422 अंशांना वितळते, त्यामुळे ही वस्तू मुळातच ओतून बनवता येत नाही. ती पावडरमधूनच बनते आणि पावडरमध्येच परत जाते. यासाठी जस्ताची एक युक्ती वापरतात. जुन्या टिपा वितळलेल्या जस्तात साधारण 900 अंशांवर ठेवतात. जस्त कोबाल्टमध्ये शिरते, टिप आतून फुगते आणि सैल होते. मग निर्वात पोकळीत जस्ताची वाफ करून ते काढून घेतात. मागे उरतो तो बोटाने चुरगळावा असा ठिसूळ स्पंजासारखा गोळा. तो दळून चाळला की कार्बाइड आणि कोबाल्टची तयार पावडर मिळते आणि तिच्यातून पुन्हा टिप दाबता येते. टिप वितळवावी लागत नाही की रासायनिकरीत्या मोडावी लागत नाही. हे काम अर्थात आपल्या शेडमध्ये करायचे नाही. पण त्याचा कच्चा माल तुमच्या शेडमध्ये झाडूने लोटला जातो आहे.

हिशेबनीस
एक छोटा हिशेब मांडतो. दोन सीएनसीवर महिन्याला समजा 60 टिपा संपत असतील आणि एका टिपेचे वजन सरासरी 8 ग्रॅम धरले, तर महिन्याला 480 ग्रॅम, वर्षाला पावणेसहा किलो होतात. आकडा छोटा दिसतो, पण कार्बाइडचा भंगारभाव लोखंडाच्या किती पट असतो हे कबाडीलाल यांनाच विचारावे. त्यासाठी लागणारे भांडवल म्हणजे पत्र्याचा एक डबा.

उलट बॉल मिलमध्ये मोटरचे वीजबिल, गोळ्यांची झीज, धुण्याचे गरम पाणी, सुकवण, चाळणी आणि एक माणूस असा सगळा खर्च महिन्याला जेमतेम पाचशे किलो बिडावर बसणार. आणि गिऱ्हाईक कोण, हे अजून कोणीच सांगितलेले नाही.

निवृत्त_फिटर
भुसावळला रेल्वेच्या वर्कशॉपात आयुष्य गेले. तुम्हा लोकांना बिडाच्या चुऱ्याला गिऱ्हाईक सापडत नाही याची मौज वाटते, कारण आम्ही तो जपून ठेवत असू. बिडाचा बारीक कीस घ्यायचा, त्यात थोडा नवसागर, त्याहून कमी गंधक, आणि पाण्याने ओला करून पाइपाच्या सांध्यात हातोडी-छिन्नीने ठासायचा. दोन दिवसांत तो गंजून फुगायचा आणि सांधा असा बसायचा की पुढे पाइप फोडावा लागे, सांधा निघत नसे. याला आमचे वरिष्ठ रस्ट जॉइंट म्हणत. यासाठी कीस तेलविरहितच लागे. तेलकट कीस आणला की उस्ताद तो आमच्याच डब्यात, म्हणजे जेवणाच्या डब्यात, ओतत असत.

कळण्याची_भाकरी
काका, शेवटच्या वाक्यासाठी दंडवत.

तिफण
मी रावेरकडचा केळी उत्पादक, धातूंशी संबंध नांगराच्या फाळापुरता. चुनखडीच्या जमिनीत केळीची कोवळी पाने लोहाअभावी पिवळी पडतात. हा बारीक लोखंडी चुरा थेट जमिनीत टाकला तर चालेल का? प्रश्न मूर्खपणाचा असेल तर माफ करावे.

चोपड्याची_सून
तिफण दादा, प्रश्न मूर्खपणाचा मुळीच नाही, पण उत्तर नाही असे आहे. तुमच्या जमिनीत लोह बहुधा पुष्कळ आहे. चुनखडीमुळे ते विरघळत नाही, एवढीच अडचण आहे. त्यात आणखी लोखंड टाकले तर तेही गंजून तसेच अडकून बसेल, वर कूलंटचे तेल आणि भलतेच धातू जमिनीत जातील. चुऱ्याचा शेतीशी एक जुना आणि सरळ संबंध मात्र आहे. लोखंडाचा स्वच्छ चुरा सौम्य गंधकाम्लात विरघळवला की हिराकस होतो, आणि हिराकसाची फवारणी तुम्ही करतच असाल. तेही घरी करू नका. त्यात हायड्रोजन सुटतो आणि सातपुडा भाऊंची भुवयांची गोष्ट आपण नुकतीच वाचली आहे.

धातुमित्र
तिफण, तुमच्या कामाची आणखी एक गंमत सांगतो, विषय लोखंडी पावडरचाच आहे. लसूणघासाच्या बियाण्यात अमरवेलीचे बी मिसळलेले असते आणि आकाराने ते इतके जवळचे असते की चाळणीने निघत नाही. पण लसूणघासाचे बी गुळगुळीत असते आणि अमरवेलीचे खरबरीत. बियाणे किंचित ओलसर करून त्यात लोखंडाची बारीक पावडर मिसळतात. ती खरबरीत बियांना चिकटते, गुळगुळीत बियांना चिकटत नाही. मग सगळे चुंबकाच्या रोलरवरून सोडले की अमरवेल वेगळी होते. बियाणे शुद्ध करण्याची यंत्रे या तत्त्वावर चालतात. चोपड्याच्या ताईंच्या नरसाळ्यात कुटलेल्या कणांचा खरबरीतपणा आडवा आला, इथे मात्र बियांचा खरबरीतपणाच कामाला येतो.

तिफण
अमरवेलीने माझा अर्धा एकर लसूणघास खाल्ला आहे. हे आधी कळले असते तर बरे झाले असते.

भाचा_बोलतोय
मामा, खाते उघडले. सर्व ज्येष्ठांना नमस्कार. माझी बाजू कोणी मांडत नाही म्हणून मीच लिहितो.

दळलेली पावडर गोल नसते हे धातुमित्र सरांचे म्हणणे मान्य आहे. पण गोष्ट तिथे संपत नाही. अमेरिकेतील सिक्सके अॅडिटिव्ह ही कंपनी मशीनिंगचा चुरा बारीक करून मायक्रोवेव्हने पेटवलेल्या प्लाझ्मातून (अतितप्त वायूतून) सोडते; कण क्षणभर वितळतात, गोल होतात आणि गोठतात. म्हणजे चुऱ्यापासून प्रिंटिंगच्या पावडरपर्यंतचा रस्ता अस्तित्वात आहे. तो टायटॅनियम आणि निकेलच्या मिश्रधातूंना परवडतो, कारण विमानाचे काही भाग कोरताना मूळ ठोकळ्याचा बहुतेक भाग चुऱ्यातच जातो आणि तो चुरा सोन्यासारखा जपला जातो.

शिवाय न वितळवता चुरा वापरण्याची कल्पना नवी नाही. अॅल्युमिनियमचा चुरा दाबून, तापवून थेट एक्स्ट्रुजनने, म्हणजे साच्याच्या भोकातून रेटून, सळई काढण्याचे पेटंट अमेरिकेत 1945 मध्येच दिले गेले होते. अॅल्युमिनियमचा बारीक चुरा वितळवताना पुष्कळ जळतो, ते नुकसान यात टळते. माझी चूक एवढीच झाली की मी हे सगळे डाळमिलच्या पुलीच्या बिडाला लावले.

धातुमित्र
भाचेबुवा, उत्तम लिहिले आहे. एवढ्या नेमकेपणाने चूक मान्य करणारा विद्यार्थी मला मुलाखतीत क्वचितच भेटतो. एक वाट सुचवतो. बीड दळण्यापेक्षा जालन्याच्या रोलिंग मिलमधून निघणाऱ्या मिल स्केलकडे पाहा. तापलेल्या पोलादावरून गळणारे हे काळे पापुद्रे म्हणजे लोखंडाचे ऑक्साइड. त्यात लोखंड सत्तर टक्क्यांच्या आसपास असते. पोलाद दळायला चिवट, ऑक्साइड दळायला सोपे. आधी दळून घ्यायचे आणि मग हायड्रोजनमध्ये तापवून ऑक्सिजन काढून टाकायचा. मागे राहते ती सच्छिद्र, मऊ, दाबाखाली छान बसणारी लोखंडी पावडर. अमेरिकेत पायरॉन नावाने ही प्रक्रिया व्यापारी प्रमाणात चालली. तुमच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला हा विषय पुरेसा आहे. हैदराबादजवळ बाळापूरला पावडर मेटलर्जी (धातूच्या पावडरचे तंत्र) आणि नव्या पदार्थांसाठी केंद्र सरकारची एआरसीआय ही संशोधन संस्था आहे, तिचे काम पाहून घ्या.

अवधानकर
दिल्लीचा लोहस्तंभ याच पद्धतीने केला आहे, असे कुठेतरी वाचले होते. म्हणजे आपल्याकडे हे सगळे आधीच होते.

धातुमित्र
अवधानकर, थोडे थांबू या. लोहस्तंभ सहा टनांहून जड आहे आणि तो ओतलेला नाही, हे खरे. भट्टीतून न वितळता निघालेले लोखंडाचे स्पंजासारखे गोळे तापवून, ठोकून एकमेकांना जोडले गेले. न वितळवता जोडणे हे साम्य आहे. पण गोळे म्हणजे पावडर नव्हे, आणि ठोकणारे लोहार म्हणजे सिंटरिंगची भट्टी नव्हे. त्या लोहारांचे कौतुक करायला एवढे खरे पुरेसे आहे.

गिरणाकाठ
मंडळी, दोन महिन्यांनी परत आलो आहे. जे झाले ते सांगतो.

बॉल मिल घेतली नाही. पण भाच्याने हट्टाने त्याच्या महाविद्यालयातली छोटी मिल मिळवली आणि आम्ही आमचा दोन किलो बिडाचा चुरा गरम सोड्याच्या पाण्यात तीनदा धुऊन, उन्हात पत्र्यावर वाळवून तिच्यात आठ तास फिरवला. झाकण उघडण्याआधी मिल पूर्ण थंड होऊ दिली आणि वाळूची बादली शेजारी ठेवली. सातपुडा भाऊंची आठवण सगळ्यांनीच काढली. 150 मायक्रॉनच्या चाळणीतून निम्म्याहून थोडी अधिक पावडर खाली उतरली. बोटावर घेतली तर पेन्सिलच्या शिशासारखी काळपट आणि बुळबुळीत लागते; तो ग्राफाइट असावा. भाच्याने बाजारातून आणलेल्या नरसाळ्याला भोक पाडून पाहिले. ताई, तुमच्यासारखेच झाले, टिचक्या माराव्या लागल्या. ब्रेक लायनिंग बनवणाऱ्या एकाने, जिथे पावडर साच्यात वाहत जाण्याची गरज नसते, नमुना ठेवून घेतला आहे. त्याने एकच प्रश्न विचारला: दर महिन्याला असाच माल द्याल का, की मध्येच पोलाद निघेल?

त्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते, म्हणून आधी ते शोधले. प्रत्येक लेथखाली स्वतःचा ट्रे केला. ढीग मोडला आणि छपराखाली चार ड्रम ठेवले: बिडाला काळा, एमएस-ईएनला लाल, पितळाला पिवळा, गनमेटलला हिरवा रंग दिला. टिपांसाठी कुलूप असलेला डबा केला. पहिल्या महिन्यात रात्रपाळीच्या मुलाने ईएन-8 चा चुरा काळ्या ड्रममध्ये टाकला. चुंबकाला कळले नसते, पण मला दिसले. बिडाचा चुरा भुग्यासारखा तुटका पडतो, आणि त्या भुग्यात निळसर पोलादी कुरळ्या वेटोळ्यांचा एक पुंजका वर आला होता. तो हाताने वेचून काढायला आम्हा दोघांना सव्वा तास लागला. तेव्हापासून तो मुलगा ड्रमचा रंग मोठ्याने म्हणून मग चुरा टाकतो.

बिडाचे बोरिंग आता एक फाउंड्री थेट घेते आणि काट धरत नाही. 22 वर्षांत मी चुऱ्यावर किती घालवले, याचा हिशेब हिशेबनीस यांनी कृपया करू नये.

हिशेबनीस
करून ठेवला होता. खोडून टाकला.

चोपड्याची_सून
दादा, ब्रेक लायनिंगवाल्याकडे पुढचा नमुना पाठवताना प्रत्येक पिशवीवर तारीख, लेथचा क्रमांक आणि कोणत्या कामाचा चुरा आहे ते लिहा. पावडर कशीही असो, आधी त्या चिठ्ठीकडे पाहिले जाते.

भाचा_बोलतोय
चिठ्ठ्या मी छापून देतो. मिल स्केलचा विषय प्रकल्पासाठी मंजूर झाला आहे. मामा, पुढच्या आठवड्यात जालन्याला जायला गाडी लागेल.

कबाडीलाल
गिरणाकाठ भाऊ, बीड गेले ते गेले. पण हिरव्या ड्रममधले गनमेटल आणि कुलपातला टिपांचा डबा अजून कोणाला दिला नसेल, तर शुक्रवारी टेम्पो पाठवतो. काटा तुमचाच असू द्या.